बॅटरीची प्रत कोण ठरविणार?

पुणे-बंगळूर महामार्गावर निपाणीपासून बेळगावपर्यंतच्या पाऊणशे किलोमीटरांच्या टप्प्यात हिरव्या क्रमांकपट्टीची गाडी दिसली म्हणजे लोकांनी थांबून कौतुकाने पाहावे, असे दिवस आता राहिलेले नाहीत. विजेवर चालणारी स्कूटर निपाणीच्या बाजारपेठेत रुळली आहे, बेळगावच्या टिळकवाडीत विजेची मोटार ही नवलाईची वस्तू उरलेली नाही, आणि चोर्ल्याचा वा आंबोलीचा घाट चढून गोव्यातून व सिंधुदुर्गातून वर जाणाऱ्या वाहनांतही तिची भर पडत आहे. पेट्रोलचा धूर आणि पेट्रोलचा खर्च या दोहोंपासून सुटका करू पाहणाऱ्या या वाहनाचे आम्ही स्वागतच करतो. परंतु नवे वाहन आले म्हणजे त्याबरोबर नवा व्यवहारही येतो. आणि त्या व्यवहारातील देणारा जाणकार व घेणारा अजाण असेल, तर अजाणाच्या पदरी काय पडते हे सीमाभागातील माणसाला कोणी वेगळे सांगावयास नको. विजेच्या गाडीची बॅटरी कोणत्या ‘प्रती’ची, ही प्रत कोणी ठरविली, कशावरून ठरविली आणि तिच्यात पुढे वाढ करून घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे की नाही, हे प्रश्न म्हणूनच आज विचारणे अगत्याचे आहे.

पेट्रोलच्या गाडीत इंजिन हा जीव आणि टाकी ही केवळ साठवण असते. टाकी लहान असली म्हणून गाडी घाटात दमत नाही. विजेच्या गाडीचे गणित निराळे आहे. तेथे बॅटरी हीच टाकी, आणि गाडीच्या अंगातील बळही पुष्कळ अंशी तीच ठरविते. बॅटरीचे माप किलोवॅट-तासांत सांगतात. घरच्या वीजबिलावरील एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील हिशेब कोणालाही समजण्यासारखा आहे. जानेवारी २०२० मध्ये टाटांची नेक्सॉन ही विजेची मोटार बाजारात आली, तेव्हा तिच्या बॅटरीत ३०.२ युनिट वीज मावत होती. मे २०२२ मध्ये तेच रूप कायम ठेवून ४०.५ युनिटांची ‘मॅक्स’ आली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ४५ युनिटांची. पाच वर्षांच्या आत एका नावाची गाडी अंतर्यामी दीडपट झाली! एमजीची विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ३८ युनिटांची बॅटरी घेऊन आली, आणि पुढील मे महिन्यात ५२.९ युनिटांची ‘प्रो’ तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. ज्याने आधीची घेतली, त्याची गाडी नवी असतानाच जुनी ठरली.

ही झाली काळानुसार झालेली वाढ. तिच्याविषयी तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही. शास्त्र पुढे जाते आणि वस्तू सुधारते. परंतु एकाच दिवशी, एकाच दुकानात, एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या गाडीचे दोन प्रकार जेव्हा निरनिराळ्या ताकदीचे निघतात, तेव्हा ग्राहकाने डोळे उघडे ठेवावयास हवेत. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या टियागो या विजेच्या मोटारीचे १९.२ युनिट आणि २४ युनिट असे दोन प्रकार होते. लहान बॅटरीच्या गाडीला ६१ अश्वशक्ती, मोठीच्या गाडीला ७५. जानेवारी २०२४ च्या पंचमध्ये २५ युनिटांना ८२ अश्वशक्ती, तर ३५ युनिटांना १२२. महिंद्रांच्या बीई-सिक्समध्ये ५९ युनिटांना २३१ आणि ७९ युनिटांना २८६. म्हणजे ज्याने लहान बॅटरी घेतली, त्याला केवळ कमी अंतर मिळाले असे नाही. त्याच्या गाडीचा दमही कमी झाला. घराजवळच फिरावयाचे म्हणून ज्याने लहान बॅटरी पसंत केली, त्याला घाटात ओझे ओढण्याची ताकद मात्र पुरेपूर हवी असेल, तर या प्रकारांत ती मिळण्याची सोय नाही.

निपाणीच्या परिसरात ‘प्रत’ हा शब्द काय अनुभव घेऊन वावरतो, हे वाचकांच्या स्मरणात असेल. या मातीत पिकणाऱ्या बिडीच्या तंबाखूची प्रत ठरविणारा घेणारा असे आणि पिकविणारा नुसता ऐकणारा. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच महामार्गावर शेतकरी ठाण मांडून बसले, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये झालेल्या गोळीबारात काहींना प्राण गमवावे लागले. ते आंदोलन भावासाठी होते, हे खरे. पण ज्याच्या हाती प्रत त्याच्या हाती भाव, हा धडाही त्यात होताच. मोटारीच्या दुकानातील व्यवहार रक्तरंजित नाही आणि तेथे कोणाची चूलही विझत नाही. तेव्हा दोहोंची तुलना ओढूनताणून करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि एका पक्षाला मालाच्या अंतरंगाची सर्व माहिती आणि दुसऱ्याला केवळ नावाची पाटी, ही दोन्हींकडील स्थिती सारखीच आहे. त्या वेळी घेणारा प्रबळ होता. आता विकणारा प्रबळ आहे, इतकाच काय तो फरक.

उत्पादकांच्या बाजूनेही न्यायाने बोलले पाहिजे. बॅटरी म्हणजे एकच मोठा डबा नव्हे. शेकडो, क्वचित हजारो लहान घटांची ती जुळणी असते. ज्या विहिरीवर चार मोटा चालतात तिच्यातून, दोन मोटांच्या विहिरीपेक्षा, घटकाभरात अधिक पाणी निघते. तसेच घट अधिक असले म्हणजे प्रत्येकावर फारसा ताण न येता एकूण वीज अधिक ओढता येते. थोड्या घटांवर तेवढाच भार टाकला तर ते तापतात आणि त्यांचे आयुष्य घटते. टियागोच्या दोन बॅटऱ्यांचे प्रमाण चारास पाच, आणि त्यांच्या अश्वशक्तीचे प्रमाणही जवळजवळ चारास पाचच. तेव्हा लहान बॅटरीच्या गाडीला कमी बळ देण्यात लबाडीच आहे असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. साठ्याचा काही भाग राखीव ठेवून तो संपूर्ण वापरू न देणे हेही बॅटरीच्या दीर्घायुष्यासाठी हिताचे असते.

पण मग दुसऱ्या बाजूची उदाहरणेही पाहावी. महिंद्रांनी जानेवारी २०२३ मध्ये एक्सयूव्ही-४०० आणली, तेव्हा ३४.५ आणि ३९.४ अशा दोन्ही बॅटऱ्यांना एकच १५० अश्वशक्तीची मोटर दिली. इतकेच नव्हे, तर लहान बॅटरीची गाडी सावकाश भरणाऱ्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरसह १५ लाख ९९ हजारांना आणि जलद भरणाऱ्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरसह १६ लाख ४९ हजारांना, असा भेद किमतीसह उघड मांडला. चार्जरच्या फरकाचे मोल पन्नास हजार रुपये, हे ग्राहकाला कळले. घ्यावयाचे की नाही ते त्याने ठरवावे. विंडसरनेही बॅटरी वाढविताना अश्वशक्ती होती तेवढीच ठेवली. म्हणजे बॅटरी लहान असली तरी बळ समान ठेवणे एका कंपनीला जमते, दुसरी ते ठेवीत नाही. यामागे घटांची जात असेल, गाडीच्या वजनाचा हिशेब असेल, हमीचा विचार असेल किंवा केवळ वरच्या प्रकाराचा मान राखण्याची विक्री-नीती असेल. चौघांपैकी खरे कारण कोणते, हे पत्रकावरून ग्राहकाला कळण्याचा मार्गच नाही. आमचा आक्षेप येथे आहे. भेद करण्यास आमची ना नाही; भेदाचे कारण झाकून ठेवण्यास आहे.

आणि हे झाकलेले कारण केवढे मोलाचे असू शकते, हे जगाने पाहिले आहे. अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने २०१६ साली आपली मॉडेल-एस ही गाडी ६० युनिटांची म्हणून स्वस्तात विकली. प्रत्यक्षात तिच्या पोटात ७५ युनिटांची बॅटरी होती आणि वरची १५ युनिटे संगणकीय आज्ञेने कुलूपबंद केलेली होती. सुमारे ९ हजार डॉलर मोजले की ते कुलूप उघडत असे. गाडीला हात लावावा लागत नसे. सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडावर ‘अर्मा’ चक्रीवादळ चालून आले, तेव्हा जीव घेऊन दूर पळणाऱ्या मालकांसाठी कंपनीने हे कुलूप काही दिवसांपुरते दूरवरूनच काढून दिले. संकटातील ती मदत स्तुत्यच होती. परंतु आपल्या अंगणात उभ्या असलेल्या, आपल्या पैशाने घेतलेल्या गाडीची किल्ली अजून कोणा दुसऱ्याच्या खिशात आहे, हेही त्या दिवशी साऱ्यांना कळून चुकले. तीच टेस्ला जुलै २०२५ मध्ये मुंबईत दुकान उघडून बसली आहे.

हा प्रकार एका कंपनीपुरता राहिला नाही. मर्सिडीझने २०२२ साली अमेरिकेत विजेच्या गाडीचा वेग अधिक झटकन वाढावा यासाठी वर्षाला १,२०० डॉलरांची वर्गणी जाहीर केली. फोक्सवॅगनने २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये आयडी-थ्री या गाडीची सुमारे सत्तावीस अश्वशक्ती महिना साडेसोळा पौंडांवर देऊ केली. घोडा विकावयाचा आणि त्याच्या चौथ्या पायाचे भाडे महिन्याच्या महिन्याला घ्यावयाचे, असाच हा व्यवहार! कंपन्या म्हणतात की ज्याला नको त्याने पैसे देऊ नयेत. युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. पण त्या न वापरलेल्या बळाचे यंत्र ग्राहकच वागवीत असतो, त्याचे वजनही तोच ओढीत असतो, आणि ते बनविण्याचा खर्च कोठे ना कोठे मूळ किमतीत येऊन बसलेला असतो. मग ते विकले गेले की राखून ठेवले गेले?

कर्नाटकाला तर ही कल्पना परकीही नाही. बंगळूरच्या रेवा कंपनीने २००१ साली विजेची छोटी मोटार बाजारात आणली, तेव्हा देशात अशा गाडीचे नावही फारसे कोणी काढीत नव्हते. पुढे २०१० मध्ये महिंद्रांनी ती कंपनी घेतली, आणि २०१३ च्या ‘ई-टू-ओ’ गाडीत ‘रिव्हाइव्ह’ नावाची सोय दिली. वाटेत बॅटरी संपली तर कंपनीकडे मागणी करावी आणि तिने राखीव साठ्यातून आणखी काही किलोमीटरांची वीज दूरवरूनच मोकळी करावी, अशी ती योजना. अडलेल्या प्रवाशाला घरी पोहोचविणारी सोय म्हणून ती चांगलीच होती, आणि कंपनीने ती उघड सांगितली होती. साठा कोणाच्या हाती यापेक्षा, तो आहे हे सांगितले की लपविले, हा विवेक महत्त्वाचा, तो या उदाहरणावरून स्पष्ट व्हावा.

दुचाकींच्या बाबतीत हा विवेक पुरता पाळला गेला नाही, आणि सीमाभागात विजेचे वाहन म्हणजे आधी दुचाकी, हे लक्षात घेता ती कथा अधिक जवळची आहे. केंद्राच्या ‘फेम’ योजनेत अनुदान मिळण्यासाठी दुचाकीच्या कारखान्यातील किमतीवर दीड लाखाची मर्यादा होती. त्या काळात ओला, एथर, टीव्हीएस आणि हीरोची व्हिडा या कंपन्यांनी चार्जरचे पैसे गाडीच्या किमतीपासून वेगळे काढून ग्राहकांकडून घेतले. काही ठिकाणी संगणकीय सोयींचेही तसेच झाले. सरकारने हिशेब तपासला, आणि २०२३ साली या कंपन्यांना ते पैसे ग्राहकांना परत करण्याचे मान्य करावे लागले. ज्या चार्जरवाचून स्कूटर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा, तो ‘स्वतंत्र वस्तू’ कसा? एकाच वाहनाचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी लावण्याची ही रीत एकदा अंगवळणी पडली की ती आपोआप थांबत नाही. सरकारने लक्ष घातले तेव्हाच ती थांबली, हे विसरू नये.

आता या साऱ्याचा बेळगाव-निपाणीच्या माणसाशी विशेष संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध भूगोलाचा आहे. पणजी समुद्रकाठी आणि बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर. माणसांसह दीड हजार किलो वजनाची लहान मोटार एवढ्या उंचीवर नुसती उचलून न्यावयाची तरी सुमारे तीन युनिट वीज लागते. यंत्रातील घट धरली तर साडेतीन. हा खर्च सपाट रस्त्यावरील खर्चाखेरीजचा आहे. १९.२ युनिटांच्या बॅटरीचा पाचवा-सहावा हिस्सा अशा रीतीने केवळ चढावरच संपतो; ४५ युनिटांची गाडी जड असूनही तिचा हा हिस्सा दहाव्याच्या आसपास राहतो. उतरताना मोटरच जनित्र बनते आणि काही वीज परत मिळते, हे विजेच्या गाडीचे मोठे वैशिष्ट्य. पण आधी वर चढावे लागते. देवगड-निपाणी मार्गावरील फोंडा घाट असो, संकेश्वर-सावंतवाडी मार्गावरील आंबोली असो, अनमोड असो की चोर्ला, किनाऱ्याशी व्यवहार ठेवणाऱ्या सीमाभागाला घाट चुकत नाही. बेळगावची भाजी आणि दूध खाली येते, आमचा माणूस दवाखान्यासाठी नि लग्नाच्या बस्त्यासाठी वर जातो. दिल्लीच्या सपाटीवर ‘लहान’ आणि ‘मोठी’ यांत जो फरक जाणवणार नाही, तो आषाढातील धुवांधार पावसात, पुढे भरलेला ट्रक आणि मागे वळण असताना, चोर्ल्याच्या चढावर जाणवल्यावाचून राहत नाही.

अंतराच्या आकड्यांचीही हीच कथा. नेक्सॉनच्या ४०.५ युनिटांच्या प्रकारासाठी आधी ४६५ किलोमीटर हा आकडा छापला जाई. ऑगस्ट २०२४ मध्ये चाचणीत शहरी आणि शहराबाहेरील असे दोन्ही भाग धरून आकडा सांगण्याचे मार्गदर्शन वाहन-उत्पादकांच्या संघटनेने केले, तेव्हा तोच आकडा ३९० वर आला. प्रत्यक्ष वापरातील कंपनीचाच अंदाज तीनशेच्या आसपासचा. बेळगावहून पुणे सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या आकड्यावर विसंबणारा पुणे गाठून वर सव्वाशे किलोमीटर उरतील असे समजेल. तिसऱ्यावर विसंबणारा कऱ्हाड-साताऱ्याकडे चार्जर कोठे आहे याची आधी चौकशी करील. बॅटरी तीच, गाडी तीच, रस्ता तोच. फरक केवळ सांगण्याचा! प्रत्यक्ष वापराचा आकडा स्वतःहून सांगण्याची प्रथा टाटांनी सुरू केली, याबद्दल त्यांचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण जी गोष्ट एका उत्पादकाने सौजन्याने करावयाची, ती सर्वांनी नियमाने का करू नये?

यापुढचा प्रश्न बॅटरी वाढवून घेण्याचा. जुन्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये डिझेलचे इंजिन बसवून देणारे मिस्त्री आपल्याकडे गावोगावी होते. ज्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सायकलींचे दुकान थाटले आणि विकलेली सायकल दुरुस्त करता करता यंत्रविद्येचा संसार उभा केला, त्या गावाला यंत्र उघडून पाहण्याची परंपरा नवी नाही. आजही उद्यमबागेतील आणि कोल्हापूर-शिरोलीकडील फाउंड्र्या देशभरच्या मोटारींसाठी ओतकाम करतात. विजेच्या गाडीत इंजिनाचा ठोकळा नाही, सिलिंडर नाही. तेव्हा त्या ओतकामावर उद्या काय वेळ येईल, ही चिंता तेथील कारखानदारांना नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल. अशा वेळी जुन्या गाडीला नवी, मोठी बॅटरी बसविणे, तिचे खोके ओतणे, घट तपासणे, मोडीतील घटांचा घरच्या साठ्यासाठी उपयोग करणे, हा नवा धंदा या भागात उभा राहू शकतो. त्यासाठी बॅटरी उघडण्याजोगी, मोजण्याजोगी आणि बदलण्याजोगी असली पाहिजे. उच्च दाबाच्या विजेशी कोणीही उठून खेळावे असे आमचे म्हणणे नाही. परवाना, शिक्षण आणि तपासणी हवीच. पण सुरक्षेचे निमित्त करून कुलूप कायमचे लावणे वेगळे.

बॅटरी वाढवून देणे अशक्य आहे काय? बीएमडब्ल्यूने २०१६ साली आपल्या आय-थ्री गाडीच्या जुन्या मालकांना काही देशांत नवी, अधिक क्षमतेची बॅटरी बसवून देण्याची योजना जाहीर केली होती. बाह्य आकार तोच आणि आतील घट अधिक सकस, म्हणून ते साधले. आपल्याकडे २०२० ची गाडी घेणाऱ्याला २०२४ ची बॅटरी मिळावी अशी रीत पडलेली नाही. यात आपल्या करपद्धतीचाही वाटा आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या वाहनावर वस्तू व सेवा कर ५ टक्के. पण लिथियमची बॅटरी वेगळी घ्यावयास जाल तर १८ टक्के! जुनी गाडी जपून वापरणाऱ्याने अधिक कर भरावा आणि ती मोडीत काढून नवी घेणाऱ्याने कमी, हा न्याय कोणत्या काटकसरीला धरून आहे? ज्या समाजात भांड्याला कल्हई लावून ते पिढ्यान्पिढ्या वापरले जाई, त्याच्या गळी ही उधळपट्टी उतरणे कठीण आहे.

हमीच्या बाबतीत मात्र सुधारणा होत आहे, हे नमूद केले पाहिजे. आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी रूढ झाली, आणि २०२५ मध्ये टाटांनी काही मोठ्या बॅटरीच्या गाड्यांना पंधरा वर्षांची, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या आयुष्याची हमी दिली. पण येथेही भेद आहेच: ती मोठ्या बॅटरीला, आणि पहिल्या खासगी मालकाला. निपाणी, चिकोडी, खानापूर येथील पुष्कळ कुटुंबांच्या दारात येणारी पहिली मोटार ही कोणाची तरी दुसरी झालेली मोटार असते. त्या दुसऱ्या मालकाला बॅटरीत किती दम शिल्लक आहे, पैसे भरून उघडलेली सोय गाडीबरोबर आली की विकणाऱ्याच्या नावाबरोबर गेली, हे कोण सांगणार?

सीमाभागाच्या वाट्याला यात आणखी एक गुंता येतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने जी रेघ ओढली, ती गाडीच्या क्रमांकपट्टीवरही उमटते. घर निपाणीस, नोकरी कागलच्या कारखान्यात, कचेरी चिकोडीला, आप्त कोल्हापुरात आणि कुलदैवत गोव्यात, असे ज्यांचे जीवन, त्यांची गाडी आठवड्यातून चार वेळा राज्य बदलते. कर्नाटकाने २०१७ मध्येच विजेच्या वाहनांचे धोरण आखले आणि ही वाहने करमुक्त ठेवली होती. २०२४ साली २५ लाखांवरील गाड्यांवर १० टक्के आजीव कर बसविला. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या किमतींनुसार बीई-सिक्सचा प्रारंभीचा ५९ युनिटांचा प्रकार १८ लाख ९० हजारांचा, तर ७९ युनिटांचा सर्वांत वरचा प्रकार २६ लाख ९० हजारांचा. म्हणजे वरच्या बॅटरीची निवड केली की बेळगावच्या ग्राहकाला कंपनीचे आठ लाख आणि वर सरकारचे सुमारे पावणेतीन लाख. कर बसवावा की नाही हा राज्याचा अधिकार. परंतु बॅटरीचा आकार हा आता कराचाही उंबरठा झाला, तेव्हा त्या आकाराचे खरे माप काय, हे पाहणे सरकारचे अधिकच कर्तव्य ठरते.

मग करावे काय? प्रत्येक विजेच्या गाडीच्या पत्रकावर आणि दारावर, औषधाच्या बाटलीवर असते तशी, एक स्पष्ट पाटी असावी. बॅटरीत एकूण युनिटे किती व त्यांतील वापरता येण्याजोगी किती. मोटर किती अश्वशक्तीची आणि बॅटरी उतरल्यावर त्यांतील किती उरतात. महामार्गाच्या वेगाने अंतर किती. आणि या प्रकाराला वरच्या प्रकाराहून जे कमी दिले आहे, ते घटांमुळे कमी आहे की संगणकीय आज्ञेने, हे तिने सांगावे. पुढे वाढ करून मिळणार असेल तर तिची आजची किंमत लिहावी. मिळणार नसेल तर तसे लिहावे. ही पाटी महाराष्ट्रात मराठीत असावीच, आणि बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दुकानांत कन्नडबरोबर मराठीतही असावी. कारण हमीपत्रावर सही करणाऱ्याला ते वाचता येणे हा भाषिक वाद नसून साधा ग्राहकधर्म आहे. वेगळ्या बॅटरीवरील कर गाडीवरील कराच्या बरोबरीस आणावा. पैसे देऊन उघडलेली कोणतीही ताकद गाडीच्या मालकीबरोबर पुढे जावी.

यातील एकही मागणी अव्यवहार्य नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या नियमांप्रमाणे फेब्रुवारी २०२७ पासून विजेच्या वाहनांच्या बॅटरीला तिच्या गुणदोषांची नोंद असलेले ‘पारपत्र’ बंधनकारक आहे. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध दात देऊन ठेवतो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी उपक्रम सुरू केला, त्यात मोटारींचाही समावेश आहे. साधने आहेत, ती वापरण्याची इच्छा हवी. उत्पादकांनीही हे आपल्या हिताचेच मानावे. ज्या ग्राहकाला घाटात एकदा फसल्यासारखे वाटले, तो पुन्हा पेट्रोलच्या पंपावर जाईल आणि चार जणांना घेऊन जाईल. ज्याला आधीच सत्य सांगितले, तो लहान बॅटरीतही समाधान मानील.

कोणाला लहान गाडी, कोणाला मोठी. कोणाला मंद, कोणाला चपळ. बाजारात प्रती राहणारच. तंबाखूच्याही प्रती होत्या, आणि शेतकऱ्याने त्या नाकारल्या नव्हत्या. आपल्या देखत, आपल्याला समजेल अशा मापाने माल जोखला जावा, एवढीच त्याची अपेक्षा होती. विजेच्या गाडीसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाची अपेक्षा याहून मोठी नाही. तराजू उघड्यावर ठेवण्यास ज्याला संकोच वाटत नाही, त्याच्याच मालावर गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो, हे निपाणीची पेठ पिढ्यान्पिढ्या जाणून आहे. मोटारींच्या कारखानदारांनी आणि दोन्ही राज्यांच्या व केंद्राच्या शासनकर्त्यांनी ते आता तरी जाणावे.